खतिजाखालाचा उमरा

बशीरभाईचा फोन आला तेव्हा मी बाजारात मासळी घेत होतो. "आई गेली रे," तो म्हणाला, "झोपेत... धापसुद्धा लागली नाही." माझ्या मावशीला, खतिजाखालाला, दम्याशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे ती गेली यापेक्षा धाप न लागता गेली, हेच मला खरं वाटेना.

आखाती युद्ध पेटलं तेव्हा ती सौदीत जुबैलला बशीरभाईकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे आलेली होती. मी तिथेच पाइप फिटर, कॅम्पात राहायचो. विषारी वायूच्या भीतीनं सगळ्यांना मास्क वाटले होते. बशीरभाईनं न्हाणीघराच्या फटींना चिकटपट्ट्या मारल्या. भोंगा वाजला की सगळं कुटुंब आत. अशा दिवसांत खालानं जाहीर केलं, "मी उमऱ्याला जाते." डॉक्टर नको म्हणाले, शेजारी नको म्हणाले, बशीरभाईनं तर तिचा पासपोर्टच गादीखाली लपवला. तो तिनं चादर झटकताना काढला. "मरण आलंच तर मक्केच्या वाटेवर येऊ दे. तुझ्या न्हाणीघरात बादलीवर बसून मी मरणार नाही." तिथल्या कायद्यानं बाईला एकटीला जाता येत नव्हतं, मुलगा हलेना, मग सख्खा भाचा म्हणून माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलं नाही.

"निदान मास्क तरी लाव," बशीरभाई बसजवळ काकुळतीला आला.

"एहराम बांधून यात्रेला निघालेल्या बाईनं तोंड झाकायचं नसतं."

"आई, एहराम ताइफपाशी बांधायचा! हजार किलोमीटर आहे अजून!"

"सवय करते."

मास्कची पेटी मात्र तिनं घेतली. रियाधच्या पुढे एका नाक्यावर शिपायानं ती उघडायला लावली. आत सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या! त्यानं वाकून वास घेतला नि चार पावलं मागे सरला. "यल्ला, यल्ला!" म्हणत त्यानं बस पुढे सोडली. सगळी बस हसली, पण हसता हसता खालाला जी उबळ आली, ओठ निळे पडले. मी घाबरून म्हणालो, "खाला, परत फिरू." पंप ओढत ती म्हणाली, "परत फिरायलाही... तेवढाच दम... लागतो."

काबाभोवतीचे सातही फेरे ती चालली, दर फेऱ्याला थांबत. मग खांबाला टेकून रडली.

"काय मागितलंस?"

"बशीरला हिंमत. आणि ती बॉम्ब टाकणारी पोरं घरी जाऊ देत... त्यांच्याही आया न्हाणीघरात बसल्या असतील."

जुबैलला परतल्यावर तिनं पहिल्यांदा चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या. बशीरभाई ओरडला, पण आड आला नाही.

त्या वेळी मक्केहून आणलेली जमजमच्या पवित्र पाण्याची बाटली गावी तिच्या उशाशी असायची. कुणी आजारी पडलं की चमचाभर द्यायची, आणि एवढ्या वर्षांत बाटली कधी रिकामी झाली नाही. विचारलं तर म्हणायची, "विहिरीचं घालते थोडं. जमजमचा एक थेंब उरला तरी पुरे."

चाळिसाव्याला गेलो तेव्हा तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सत्तरी गाठलेला बशीरभाई तांब्यातून त्या बाटलीत पाणी ओतत होता. मला पाहून दचकला.

"शेजारच्या नसीमाला ताप आलाय," तो म्हणाला.

मी चमचा आणायला स्वयंपाकघरात गेलो.