वेल्सहून आणलेला नारळ

औषधाच्या दुकानात येताना कुणी चपला काढत नाही. हमीदाआपा काढायच्या. पायरीखाली चपला जोडीनं ठेवून त्या आत आल्या, खडीसाखरेची पुडी मागितली आणि पदराची गाठ सोडता सोडता म्हणाल्या, "सुधीर, उद्या मी न्हाय हितं. वेल्सला चाललीया."

"कुठं?"

"वेल्सला. सकाळच्या यष्टीनं."

बारामतीच्या स्टँडवरून वेल्सला यष्टी सुटत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पुन्हा पाचवीत जाऊन बसलो. शाळेत त्या आमच्या संगीताच्या बाई होत्या. मला गाणं शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला होता आणि आम्ही दोघांनीही तो लवकरच सोडून दिला होता. "वेल्स म्हंजी माळेगाव रं," त्या म्हणाल्या. "साखर कारखाना. सांजच्याला परत."

हे काय प्रकरण होतं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आपांचा आवाज ठाऊक नाही असा माणूस शोधावा लागला असता. गणपतीचा मांडव असो, उरुसातली मैफल असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, आपा हव्यातच. त्या गायला लागल्या की मांडवातली पोरंसुद्धा रडायची थांबत. वर्गात त्या छापील मराठी बोलत आणि वर्गाच्या दाराबाहेर पाऊल पडलं की खास इकडची. निवृत्त झाल्यावर एक वर्ष देशोदेशी हिंडायचं, जिथं जिथं माणसं मिळून गातात तिथं जाऊन त्यांच्यात बसायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पासपोर्टही काढला होता. त्यातला फोटो त्या सगळ्यांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, "चोरटी दिसतीया का न्हाय मी?"

आणि मग गळ्यात गाठ निघाली. पुण्याला जाऊन ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जिवावरचं गळ्यावर निभावलं. पण ज्या गळ्यावर निभावलं तो आपांचा होता. खालचे सूर खरखरायला लागले आणि वरचे येईनातच. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं थोडं गात जा, नाहीतर आहे तेही जाईल. आपा घरी आल्या आणि त्यांनी गाणं बंद केलं. गाण्यापाठोपाठ बोलणं कमी झालं, मग जेवण. त्यांची सून शबाना दुकानात येऊन मला विचारायची, "भूक लागायचं काही टॉनिक असतं का हो?" मी बाटली द्यायचो. ती तशीच्या तशी फ्रीजवर उभी राहायची.

एकदा मी धीर करून विचारलं, "आपा, डॉक्टर सांगतात तर घरात दार लावून गात का नाही?"

"दार लावलं की गल्लीला ऐकू येत न्हाय," आपा म्हणाल्या. "मला येतंय की रं."

याला माझ्या दुकानात औषध नव्हतं.

ते सापडलं शबानाच्या मोबाइलवर. वेल्स नावाच्या देशात खाणकामगार जमून गातात, त्याचा व्हिडिओ होता तो. आपांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मला दाखवायला मोबाइल घेऊनच दुकानात आल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्यालाही दाखवला. "ह्यो तिसऱ्या रांगेतला बाबा बघ. मधीच खोकला. आला का ऐकू? न्हाय आला! बाकीच्यांनी वडून नेलं गानं. मला असली जागा पायजे. जितं माझं खोकनं कुनाला कळनार न्हाय." खोळंबलेलं गिऱ्हाईक खोकल्याचंच औषध न्यायला आलं होतं. ते म्हणालं, मलाही पाहिजे.

तेव्हापासून आपांचं प्रवासाचं वर्ष सुरू झालं. गळ्याची तपासणी दर थोड्या दिवसांनी असायची, त्यामुळे खरा परदेश बाद. म्हणून देश मनातले आणि गावं यष्टीच्या अंतरातली. वेल्समध्ये खाणी, तर आपल्याकडे कारखाना. म्हणून वेल्स म्हणजे माळेगाव बुद्रुक. जॉर्जिया नावाच्या देशात लोक जेवणाच्या पंगतीत गातात; म्हणून जॉर्जिया म्हणजे पिंपळी, कारण पिंपळीला त्यांची मावसबहीण चांगलं जेवायला घालते. निघताना त्या स्वेटर घ्यायच्या. भर उन्हात स्वेटर कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं गारठा लई."

वेल्सहून त्या संध्याकाळी परत आल्या त्या एक शाल, एक नारळ आणि पडलेला चेहरा घेऊन.

झालं होतं असं. त्यांचा एक विद्यार्थी कारखान्यात फिटर आहे. त्याच्या ओळखीतली दहा-पंधरा माणसं सुट्टीनंतर देवळात भजनाला बसतात. आपांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की मी येते, तुमच्यात मागे बसते आणि तुमच्याबरोबर म्हणते. पण आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याचा सत्कार झाला नाही, असं कधी झालंय? खुर्च्या मांडल्या, माइक आणला. तालुक्याचं भूषण वगैरे झालं. चार जण बोलले. चौघांनीही आपण फार बोलणार नाही असं सांगून सुरुवात केली. शेवटी आपा उठून म्हणाल्या, "तुमी म्हना, मी मागनं म्हनते." लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळे हाताची घडी घालून ऐकायला बसले. आपांनी घसा धरल्याची सबब सांगितली आणि शाल पांघरून यष्टी पकडली.

"वेल्सची मानसं गातच न्हाईत रं," त्या मला म्हणाल्या. "नुसता नारळ देत्यात."

जॉर्जियात त्याहून वाईट. पिंपळीला मटण होतं. आपांनी पंगतीत विषय काढला, की आपण सगळे मिळून काहीतरी म्हणूया. मावसबहिणीचा नवरा, नबीभाई, नळी फोडत होता. तो म्हणाला, "आपा, आदी जेवा. मटनापुढं तानसेन आला तरी थांबंल." जेवणं झाल्यावर सगळे भिंतीला टेकले आणि म्हणाले, हं, आता तुमचं होऊन जाऊ द्या. आपांनी पुन्हा घसा धरला.

असे महिने चालले. स्वेटर जात होता, शाली येत होत्या. त्यांतली एक आपांनी दुकानातल्या माझ्या जुन्या स्टुलावर घालायला दिली. मी म्हटलं, "आपा, सरळ सांगून का टाकत नाही, की माझा आवाज गेला?"

आपांनी काउंटरवरच्या बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, "सांगितलं की सगळी हळहळतील. हळहळनारी मानसं गात न्हाईत, सुधीर. गप बसत्यात." त्या दिवशी त्यांनी खडीसाखर नेली नाही. घरी काय चाललंय ते शबानाच्या चेहऱ्यावरून कळत होतंच. मला खरोखर भीती वाटायला लागली होती, की बाई या वर्षात गाणं कायमचं सोडणार आणि गाण्याबरोबर सगळंच सोडणार.

निमगाव केतकीला गेलो तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी स्वतः हजर होतो. निमगाव म्हणजे एस्टोनिया. त्या देशात म्हणे सगळा गाव एकत्र उभा राहून गातो. आपांची शाळेतली सोबतीण, सुमनबाई, हिच्या नातीची हळद होती. मी आपांना स्कूटरवर घेऊन गेलो. अंगणात पाटावर नवरी, भोवती बायका, आणि हळदीची गाणी. आमच्याकडच्या या गाण्यांत एकेका नातलगाचं नाव घेऊन कडवं जोडायचं असतं: आई, चुलती, मामी, आत्या, जी कोण असेल तिचं. ज्याचं त्याचं कडवं झालं, की तो मान पोचला. पण आपा आल्या म्हटल्यावर बायका लगेच गप्प. "बाई म्हनत्याल, आमी ऐकतो!" सुमनबाईनं हळदीची वाटी आपांच्या हातात दिली. आता हळदीच्या वाटीला नाही कसं म्हणायचं? ऑपरेशननंतर पहिल्यांदा आपांनी चारचौघांत तोंड उघडलं.

*वाटीत हळद, वाटीला काठ,*
*आईनं मांडला लेकीचा पाट.*

आवाज भांड्यात खडे घातल्यासारखा आला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण सुरू केलेलं कडवं अर्ध्यात टाकणं अशुभ, म्हणून त्या रेटत राहिल्या. चुलतीचं घेतलं. मामीचं घेतलं. आवाज सांभाळायच्या नादात पुढं थेट शेजारणीचंच घेतलं आणि वाटी खाली ठेवली.

आणि मग डाव्या कोपऱ्यातून एक धिप्पाड बाई उठली. ताराबाई. नवरीची सख्खी आत्या.

"आन् मी काय मेले व्हय?"

आपा गडबडल्या. ताराबाईला आपा कोण, त्यांचं नाव किती मोठं, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती पुढं आली, वाटी उचलली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं गायला लागली:

*वाटीत हळद, वर ठिवला पाट,*
*आत्या आली ग, सोडा तिची वाट!*

झालं. आत्याचं सुटलं, मग आपलंही सुटलं असेल, असं एकेकीला वाटायला लागलं. पाहुण्या बाईचा काही भरवसा नाही. मावशीनं स्वतःचं कडवं स्वतःच म्हटलं. थोरल्या जावेनं म्हटलं. धाकटीनं थोरलीपेक्षा मोठ्यानं म्हटलं. मग सगळ्याच एकदम म्हणायला लागल्या आणि त्या गलक्यात मी पाहिलं, आपांचं तोंड हलत होतं. त्या गात होत्या. मान वर करून, डोळे मिटून, दणकून. ताराबाईनं मध्येच त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचा आवाज काय बरा न्हाय. पर म्हना, म्हना, आमच्यात खपतंय."

आपांना आयुष्यात मिळालेल्या सगळ्या शाली एका पारड्यात घातल्या असत्या, तरी त्या वाक्याचं पारडं जड झालं असतं. पुढचे कित्येक दिवस त्या हे वाक्य येईल त्याला ऐकवायच्या, ताराबाईच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून.

त्यानंतर आपांना युक्तीच सापडली. कुठंही गेल्या की अगदी गंभीर चेहऱ्यानं गाणं सुरू करायच्या आणि एक महत्त्वाचं नाव गाळायच्या. पिंपळीला डोहाळजेवणात त्यांनी सासूच गाळली. तिथं तर गाणं दिवेलागणीपर्यंत चाललं. माळेगावला भजनातलं एक कडवं उलटंपालटं केलं आणि फिटरच्या वडिलांनी, तात्यांनी, "आवं बाई, आसं न्हाय, आसं!" म्हणत माइक बाजूला सारून सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. "मानूस शिकवायला लागला की लाजत न्हाय," आपा मला समजावून सांगायच्या. "त्याला वाटतंय, ह्या बाईला कायच येत न्हाय. मग गातंय दाबून." आणि माझ्या मागच्या फळ्यांकडे बोट दाखवून, "तुझ्या हितल्या समद्या गोळ्या एकट्यानं गिळायच्या. आमची गोळी पंगतीत बसून खायाची." शबाना टॉनिक न्यायला यायची बंद झाली. माझं त्यात नुकसान झालं, हे मी आपांना बोलून दाखवलं. त्यांनी मला वेल्सचा तो नारळ आणून दिला.

आपा गेल्या त्याला आता वर्ष होईल. गळ्याचं दुखणं नव्हे. दुपारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. शोकसभेत सगळे त्यांच्या जुन्या आवाजाबद्दल बोलले, आणि तो आवाज होताच तसा. मला मात्र दुसरंच आठवत होतं, आणि ते तिथं सांगायचं राहून गेलं.

निमगावला बाजाराच्या दिवशी ताराबाईच्या ओसरीवर बायका गायला बसू लागल्या होत्या आणि आपांची तिथली फेरी कधी चुकत नसे. एकदा परतीची यष्टी रद्द झाली, म्हणून मी त्यांना आणायला गेलो. ओसरीचं दार लोटलेलं होतं. आत गाणं चाललं होतं, म्हणून मी बाहेरच थांबलो आणि कान देऊन आपांचा आवाज शोधायला लागलो. लहानपणापासून ऐकलेला आवाज; चांगला असतानाचा आणि बिघडल्यानंतरचाही. पण त्या वीस-पंचवीस बायकांत तो मला काही केल्या सापडेना. मला वाटलं, आपा आत नसतीलच. दार ढकलून पाहिलं तर मधोमध बसलेल्या, तोंड वासून गातायत.

निघताना मी त्यांना हे सांगितलं. आपा स्कूटरवर बसता बसता थांबल्या.

"खरं सांग. वळखूच आला न्हाय?"

"नाही आला, आपा."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, हसल्या, मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाव सुटलं, पानमळे मागं पडले. उसाच्या एका ट्रॉलीमागून आम्ही चाललो होतो. आणि मला मागून गाणं ऐकू आलं. आपा एकट्या गात होत्या. आवाज फाटत होता, वरच्या सुराला पोचत नव्हता. ट्रॉलीवरची माणसं वळून वळून बघत होती. आपा थांबल्या नाहीत. ट्रॉलीला मागं टाकण्याइतका रस्ता मोकळा होता, तरी बारामती येईपर्यंत मी स्कूटर हळूच चालवली.