पायवाला हंस आणि पाटी धरलेली माणसं

माझं माहेर सोलापूर शहरातलं. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलाचा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. तालुक्याच्या गावी येऊन बघते तर एसटी स्टँडसमोर पत्र्याची एक खोली, तिच्यातच कांबळी लावून अंधार केलेला एक कोपरा, आणि मागच्या भिंतीला खिळे मारून कायमचा ठोकलेला एक पडदा. पडद्यावर राजवाडा होता, जिना होता, तळं होतं आणि तळ्यात हंस होता. गावात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं तो काढला होता. त्या भल्या माणसानं आयुष्यात कोंबडी पाहिली होती, हंस पाहिला नव्हता. त्यामुळे आमचा हंस पाण्यावर उभा होता आणि त्याचे दोन्ही पाय बोटांसकट दिसत होते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, हे पाय आधी पुसा. नवरा म्हणाला, पेंटर मित्र आहे, त्याला वाईट वाटेल. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही.

नवऱ्याची एक सवय होती. समोर बसलेल्या माणसाला नीटनेटकं केल्याशिवाय त्याचा हात कॅमेऱ्याकडे जातच नसे. आरशापाशी कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला स्टुडिओचा काळा कोट असे. आलेल्या माणसानं केस विंचरायचे, पावडर लावायची, कोट चढवायचा. मग नवरा काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणायचा, "हनुवटी जरा वर. आता हसा." सगळ्या तालुक्याचे जावई एकाच कोटात लग्नाला उभे राहिले होते.

पोलीस ठाण्याचं कामही आमच्याकडेच असे. ठाण्यात कॅमेरा नव्हता, म्हणून धरून आणलेल्या माणसाला हवालदार आमच्या दुकानात घेऊन यायचा. त्याच्या हातात शाळेची पाटी द्यायची, पाटीवर खडूनं नंबर लिहायचा, एक फोटो समोरून आणि एक बाजूनं. नवऱ्यानं पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सवयीप्रमाणे त्या सायकलचोरालाही कोट घातला, पावडर लावली आणि हसायला सांगितलं. चोर मनापासून हसला. फोटो सोलापूरच्या मोठ्या कचेरीत गेले आणि तसेच परत आले. आम्ही आरोपीचा फोटो मागवला होता, नवरदेवाचा नाही, असा निरोप बरोबर होता. हवालदारानं तो निरोप दुकानात उभं राहून मोठ्यानं सांगितला. मी आत पदर तोंडात धरून हसत होते.

त्यानंतर आरोपींचा कोट बंद झाला. पावडर मात्र गुपचूप चालूच राहिली आणि हसायला सांगणं तर नवऱ्याच्या जिभेवरच होतं. आमच्या तालुक्यातले सगळे आरोपी फोटोत हसरे निघायचे. ठाण्याला फक्त फोटो लागायचे, निगेटिव्ह आमच्याकडेच पडून राहायचे. मी म्हणायची, ही रद्दी टाकून द्या. नवरा म्हणायचा, "माणूस हाय त्यात. टाकायचा कसा?" ते सगळे निगेटिव्ह बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचे, आणि तो डबा आमच्या चटणीच्या बरणीशेजारी असायचा.

त्या डब्याची गरज पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एका दुपारी एक बाई आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, डोक्यावरून पदर, पायात धूळ. माझा नवरा बाहेरगावी लग्नाच्या ऑर्डरीला गेला होता. बाई उंबऱ्याशीच बसली आणि हळूच म्हणाली की तिच्या पोराचा फोटो पाहिजे. मी म्हटलं, मावशी, पोराला घेऊन या, काढून देऊ. तर पोरगा श्रीपूरकडे ऊसतोडीला गेलेला. अक्कलकोटकडून स्थळ आलं होतं, मुलीकडच्यांनी मुलाचा फोटो मागितला होता, आणि मध्यस्थ दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीनं निघणार होता. मग फोटो आणायचा कुठून, असं मी विचारलं तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमच्याकडं हाय की एक. पोलिसांनी काडल्याला."

पोरानं आठवडी बाजारात बकरीच्या सौद्यावरून एका दलालाचा पटका उडवला होता. दलालाची ठाण्यात ओळख, म्हणून पोराला आत बसवलं आणि फोटोसुद्धा काढला. पुढं काही झालं नाही, सोडून दिलं. पण पोरगं आत जाऊन आलंय एवढं बोलणं गावभर झालं आणि आधीचं एक ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. आता हेही मोडलं तर पोराला कुणी मुलगी देणार नाही, असं म्हणताना तिचा आवाज बसला. मला त्या दलालाचाच राग आला. मी बिस्किटांचा डबा खाली काढला.

पोरगा छान दिसत होता. रुंद कपाळ, नुकती फुटलेली मिशी, आणि अर्थातच हसरा. पण दोन्ही हातांनी पाटी छातीवर धरलेली. पाटी कापली तर गळ्याखाली काहीच उरेना, मान कापल्यासारखी दिसली. रिटचिंगचं काम मला चांगलं येत होतं. देवीचे व्रण घालवणं, तिरळा डोळा सरळ करणं ही माझी खासियत. मी निगेटिव्हवरचे खडूचे आकडे ब्लेडनं अलगद खरवडले. फोटो धुऊन वाळल्यावर पाटीच्या कडेनं बारीक ब्रशनं पांढऱ्या रेघा ओढल्या, पानांसारख्या. पाटीचं जाड पुस्तक झालं. मी स्वतःवरच खूश झाले. मावशीनं फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाली, "शिकल्याला वाटतोय की." पोरगा चौथीतून पळालेला होता. तिनं फोटो पदराच्या गाठीत बांधला आणि गेली.

नवरा परतल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याला पुस्तक फार आवडलं. म्हणाला, जरा सोनेरी अक्षरं काढायची होतीस. यावर आम्ही चार दिवस हसत होतो.

मग एका सकाळी दुकानात एक उंच, वाळका माणूस आला. धोतर, खांद्यावर घोंगडी, बोलण्यात कानडी हेल. त्यानं आधी माझ्याकडे बघितलंच नाही. तो सरळ पडद्यापाशी गेला, हंसाच्या पायांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग खिशातून फोटो काढून माझ्यापुढे धरला. पुस्तकवाला फोटो. मी मुलीचा बाप हाय, म्हणाला. मावशीचा बसलेला आवाज मला तिथं उभ्या उभ्या ऐकू आला.

"हा फोटो पोलिसांनी काडल्याला हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी उगाच म्हणून बघितलं, की असं का वाटतं, पुस्तक आहे की हातात. तो शांतपणे म्हणाला, "बाई, पुस्तक वाचनारा पुस्तक आपल्याकडं धरतो. लोकांकडं तोंड करून, दोन हातांनी, छातीला लावून कोन धरतंय? असं पाटी धरत्यात. मी धरलीया. ह्याच हंसाम्होरं."

नवरा आतून ओल्या हातांनी बाहेर आला. मग मी म्हणून टाकलं की व्हय, फोटो ठाण्याचाच आहे, पाटीचं पुस्तक मी केलं, पोराच्या आईचा त्यात काही दोष नाही आणि पोराचाही नाही, त्यानं फक्त एका लबाड दलालाचा पटका उडवला. हे सगळं मी एका दमात बोलले. तो माणूस खाली बसला आणि म्हणाला की बकरीच्या दलालाचा पटका उडवावा असं त्यालाही कैकदा वाटलं आहे. लग्न मोडायला तो आलाच नव्हता. फोटोत हंसाचे पाय बघितले आणि त्याला काहीतरी दुसरंच आठवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो बायकोला घेऊन सासुरवाडीला, म्हणजे आमच्या तालुक्यात, येऊन राहिला होता. दोघं खडी फोडायच्या कामावर जात. रेशनच्या ज्वारीची गाडी येईना, तेव्हा कामावरच्या सगळ्यांनी साहेबाची जीप अडवली. नवा फौजदार तापट होता. त्यानं सगळ्यांना ठाण्यात नेलं आणि बायकांसकट सगळ्यांचे फोटो काढायला लावले. मला तो दिवस चांगला आठवत होता, कारण बायका आहेत म्हणून हवालदारानं मला दुकानात बसवून ठेवलं होतं.

"ती मागच्या साली काविळीनं गेली," तो म्हणाला. "तिचा दुसरा फोटो न्हाय. कवा काडलाच न्हाय. तुमच्याकडं असंल का?"

नवऱ्यानं डबाच उचलून आणला. आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरायला लागलो. निगेटिव्हमध्ये केस पांढरे आणि तोंड काळं, त्याला काही ओळखू येईना. तो फक्त म्हणत होता, नाकात मोठी नथनी, नाकात मोठी नथनी. अखेर मलाच सापडली. नवरा त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं आम्ही गिऱ्हाइकाला कधी जाऊ देत नव्हतो. लाल दिव्याखाली ताटात कोरा कागद सोडला, ताट हलवलं, आणि आधी पाटी, मग नथनी, मग हळूहळू सगळं तोंड वर आलं. ती हसत होती. तोंड उघडं टाकून, डोळे बारीक करून.

तो कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हसती का ही? जेलात चालली हुती की."

तेव्हा मला ते आठवलं आणि मी त्याला सांगितलं. नवऱ्यानं सवयीप्रमाणे तिच्यापुढेही पावडरचा डबा धरला होता. ती म्हणाली होती, जेलात जायला पावडर कशाला, तितं मला कोन बघायला येनार हाय? बाकीच्या बाया हसल्या, तीही हसली, आणि नेमका तेव्हाच नवऱ्यानं फोटो काढला. हे ऐकून तो माणूस हसला आणि हसता हसता घोंगडीनं डोळे पुसायला लागला. मला रडू आवरेना. नवरा ताट हलवतच राहिला, फोटो काळा पडायला लागला तरी, आणि मग दुसरा करावा लागला.

मी विचारलं, पाटी काढून टाकू का, पाहिजे तर हातात पूजेचं ताट देते. तो म्हणाला, "नगं. पाटी हुती म्हनून फोटो झाला. आनि जावयाचाबी आकड्यांचा द्या." जावयाचे आकडे मी खरवडून टाकले होते, ते आता कुठून आणणार. मग मला नवीन प्रिंटवर पांढऱ्या रंगानं ते आठवतील तसे पुन्हा लिहावे लागले. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात उलटं रिटचिंग.

लग्न झालं. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर नवराबायको जोडीचा फोटो काढायला आमच्याकडे आली, मावशी मागून. मुलाला काळा कोट घातला, या वेळी राजरोस. माझ्या नवऱ्यानं दोघांना हंसासमोर उभं केलं. मुलीनं पिशवीतून आईचा काच लावलेला फोटो काढला आणि तो दोन्ही हातांनी, लोकांकडं तोंड करून, छातीशी धरला. नवऱ्यानं काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं. पण त्यानं काही म्हणायच्या आधीच ती हसली, अगदी तसंच, डोळे बारीक करून.