धार पडल्यावर खडू

लातूरला गंजगोलाईच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत शिवकन्येचा लाकडी घाणा आहे. दाराशी काळा फळा टांगलेला असतो. त्यावर दोनच ओळी: कशाचं तेल काढलं आणि कोणत्या तारखेला. हा फळा ती सकाळी उठून लिहीत नाही. बी घाण्यात पडतं, बी चिरडणारी लाकडी लाट फिरू लागते, बऱ्याच वेळाने खालच्या भांड्यात तेलाची पहिली धार पडते, आणि मगच ती पदराला हात पुसून खडू उचलते.

एकदा मी तिला विचारलं होतं, बी तर समोर पडलं आहे, मग लिहून मोकळी का होत नाहीस? ती म्हणाली, "काकू, मोटार जळती, लाईट जाती, बी खवट निघतंय. धार पडली म्हंजे पडली. मग ती कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई."

घाणा तिच्या सासऱ्यांचा. ती निलंग्याहून लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा रामलिंग याला एका जागी बसून काम करणं जमेना. तो एसटीत चालक झाला. सासऱ्यांनी दोन वर्षं सुनेचा कामातला हात पाहिला आणि एके दिवशी खडू तिच्या हातात दिला. पुढे बैल गेले, मोटार आली, बाजारात पिशवीतलं तेल आलं. गल्लीतले दोन घाणे बंद पडले, तिचा चालू राहिला. गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं ते फळ्यावरच्या तारखेसाठी, असं मला वाटतं. एकदा एका डब्यावर चुकून दुसऱ्या दिवसाची तारीख पडली, तर तेवढ्यासाठी ती रिक्षा करून औसा रोडच्या गिऱ्हाइकाकडे गेली आणि डबा बदलून आली.

मी तिचं जुनं गिऱ्हाईक. माझे यजमान गेल्यावर तेल कमी लागू लागलं, पण जाणं सुटलं नाही. तिची मुलगी वर्षाराणी तेव्हा कॉलेजात होती. तिने घाण्याचा ब्लॉग सुरू केला आणि चार महिन्यांतच नोकरीसाठी पुण्याला निघाली. जाताना माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, तुम्ही रोज डायरी लिहिता. आठवड्यातून एकदा आमचंही लिहा ना."

मी बाराव्या वर्षापासून डायरी लिहिते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी ती सवय लावली. त्यांचे नियम दोन होते. ज्या दिवसाचं त्या दिवशीच लिहायचं, आणि राहिलं तर पान कोरं ठेवायचं, नंतर भरायचं नाही. त्या वह्या आता एका मोठ्या ट्रंकेत आहेत.

माझा पहिला मजकूर ७ जुलै २०२२ ला, गुरुवारी गेला. त्यातलं शेवटचं वाक्य शिवकन्येने सांगितलेलं होतं: दर गुरुवारी इथे लिहू, जे झालं तेच लिहू. सुरुवातीला दर बुधवारी मी तिला घाण्यावर जाऊन वाचून दाखवायची. मी एकदा लिहिलं, सोन्यासारखं तेल. तिने मला तिथेच थांबवलं. "सोनं कुठं हाय ह्यात? करडीचं तेल फिकं असतंय. लोकांनी डबा उघडला की म्हणतील, बाईनं काहीतरी मिसळलंय." मी ते खोडलं. एकदा मी पावसाचं वर्णन दोन परिच्छेद केलं, तर म्हणाली, "पाऊस लोकांच्या बी घरी पडलाय, काकू." आम्ही दोघी हसलो.

सहा महिने असे गेले. मग एका बुधवारी मी चष्मा पुसून वाचायला बसले, तर ती पेंडीची पोती शिवता शिवता म्हणाली, "आता ऐकायची गरज न्हाई. तुमी लिवलं म्हंजे झालं." त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त हे वाक्य उतरवलं आहे, दुसरं काही नाही.

हळूहळू वाचणारे वाढले. उदगीर, निलंगा, पुणे, कुठून कुठून लोक गुरुवारची वाट पाहायचे आणि कॅन घेऊन यायचे. मला त्याचा अभिमान होता, पण त्याहून जास्त अभिमान होता गुरुवारांचा. फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात चौऱ्याऐंशी गुरुवार झाले होते, एकही न चुकता.

त्याच आठवड्यात माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. मुलगी मनिषा नांदेडला असते. तिच्याकडे तीन आठवडे राहायचं होतं. लिहिणं, वाचणं, फोन बघणं बंद. मी शिवकन्येला सांगितलं तेव्हा ती सहज म्हणाली, की लिहून टाका, काकू डोळे करायला गेल्यात, तीन गुरुवार सुट्टी. मी ऐकून घेतलं आणि घरी आले. माझ्या हातून गुरुवार चुकणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

म्हणून मी तीन मजकूर आधीच लिहिले. वर्षाराणीने मला शिकवून ठेवलं होतं, तारीख आणि वेळ लावली की तो त्या दिवशी आपोआप दिसतो. पहिला घाण्याच्या धुण्या-पुसण्याविषयी होता. तो खरा ठरला. दुसरा नव्या करडईविषयी. जळकोटचे अण्णाराव दरवर्षी त्यांच्या शेतातली पहिली करडई शिवकन्येकडे आणायचे, वीसेक वर्षं तरी. मी मागच्या वर्षीची डायरी काढून पाहिली. २१ फेब्रुवारी, मंगळवार, अण्णारावांचा टेम्पो आला, असं माझ्याच अक्षरात होतं. मी त्यांना फोनही केला. वीस तारखेला, मंगळवारीच आणतो, म्हणाले. मला आणखी काय हवं होतं? मी लिहिलं, मंगळवारी अण्णारावांची नवी करडई आली, घाण्यावर पडली, गाळ बसून रविवारपासून तेल मिळेल. पेंडीचा वाससुद्धा लिहिला. तिसऱ्यात त्या तेलाची चव.

हे मी शिवकन्येला वाचून दाखवलं नाही. तिनेच तर म्हटलं होतं, गरज नाही.

मी नांदेडला काळा चष्मा लावून मनिषाच्या घरी बसले होते, आणि इकडे शनिवारी जळकोटला अवकाळी पाऊस झाला. अण्णारावांची कापलेली करडई शेतात ढीग घालून पडलेली होती, ती भिजली. तरी दिलेल्या शब्दाखातर मंगळवारी ते टेम्पो घेऊन आले. शिवकन्येने पोत्यात हात घातला, मूठभर बी नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अण्णामामा, ह्याचं तेल मी काढणार न्हाई." वीस वर्षांत पहिल्यांदा टेम्पो भरलेला परत गेला. घाणा धुऊन तयार होता, जुनी करडई संपली होती. तिने घाणा बंद ठेवला. फळा कोरा.

गुरुवारी सकाळी आठ वाजता माझा मजकूर प्रसिद्ध झाला.

पुढचं मला रामलिंगने नंतर सांगितलं; त्या रविवारी त्याला सुट्टी होती. शिवकन्या ब्लॉग पाहत नसे; सकाळपासून माणसं येऊ लागली तेव्हाच तिला तो मजकूर कळला. निलंग्याच्या नीलाबाई, निवृत्त शिक्षिका, एसटीने दोन कॅन घेऊन आल्या होत्या, एक शेजारणीचा. तेल नाही म्हटल्यावर कुणी म्हणालं, पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाला दिलं असेल. कुणी म्हणालं, भिजलेलीच घाण्यात घातली आणि आता लपवते. नीलाबाईंनी दोन्ही कॅन उचलले. जाताना म्हणाल्या, "तेल नाही त्याचं काही नाही गं. पण हे खोटं, तर मागचं सगळं खरं कशावरून?"

जळकोटला निराळंच झालं. तिथल्या तरुणांनी फोनवर वाचलं आणि पारावर अण्णारावांना म्हणू लागले, "मामा, तुमची करडी लातुरात गाजायलीय की." आणि ती करडई त्यांच्या अंगणात ताडपत्रीवर वाळत पडलेली. शिवकन्येने आपली मुद्दाम चेष्टा केली, असं त्यांच्या मनाने घेतलं.

हे कळल्यावर वर्षाराणी पुण्याहून तो मजकूर काढून टाकणार होती. आईने काढू दिला नाही. बोललं ते बोललं, म्हणाली, त्याच्या खाली लिही. फोनवरून तिने तीन ओळी सांगितल्या. त्या अजून तिथे आहेत: "वरचं खरं नाही. करडी भिजलेली होती, मी घेतली नाही. चूक माझी आहे." तिसरा मजकूर मात्र तिने थांबवायला लावला. म्हणजे ज्या गुरुवारासाठी मी हे सगळं केलं, तो २९ फेब्रुवारीचा गुरुवार रिकामाच गेला. मला तिने काही कळवलं नाही. डोळ्याला पाणी नको, असं ती मनिषाला म्हणाली होती.

मार्चमध्ये निघताना मनिषाने मला सगळं सांगितलं; मी लातूरला आले आणि तशीच घाण्यावर गेले. तिने आधी चहा केला, डोळ्याचं विचारलं, थेंब किती वेळा घालता ते विचारलं. मी म्हटलं, मी माझ्या नावाने लिहिते, की हे मी आधी लिहून ठेवलं होतं, तुझा काही दोष नाही.

"नाव घाण्याचं हाय, काकू," ती म्हणाली. "लोक घाण्यालाच इचारणार."

मग तिने विचारलं, "नांदेडला व्हता तेव्हा वहीत काय लिवलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दिसत नव्हतं. पानं कोरी ठेवली."

"किती?"

"एकवीस."

ती कपबशा विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग माझं बी कोरं ठेवायचं व्हतं."

जो नियम मी माझ्या वहीसाठी साठ-पासष्ट वर्षं पाळला, तो तिच्या घाण्यासाठी तीन आठवडेसुद्धा पाळला नाही. माझी वही कुणी वाचत नाही. तिचं वाचून माणसं एसटीत बसत होती.

तिने मला लिहिणं बंद करायला सांगितलं नाही. दर गुरुवारी मजकूर जातो. वाचणारे निम्म्याहून कमी झाले आहेत. नीलाबाई पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांना पत्र लिहिलं, त्याचं उत्तर नाही. अण्णारावांना मी जळकोटला जाऊन भेटले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जेवूनच जा म्हणाले, जेवू घातलं. करडईचा विषय त्यांनी काढला नाही.

यंदा फेब्रुवारीत शिवकन्येने घाणा धुतला, अण्णारावांच्या पोत्यांसाठी भिंतीलगतची जागा झाडून ठेवली. मंगळवारी ती दुपारपर्यंत घाण्यापाशी बसून होती. संध्याकाळी रामलिंग ड्यूटीवरून आला. अण्णारावांचा टेम्पो सकाळीच दुसरीकडे रिकामा झाला, असं त्याला वाटेत कळलं होतं. ती उठली आणि झाडलेल्या जागेत पेंडीची पोती सरकवली.

बुधवारी मी मजकूर घेऊन गेले. आता ती दर बुधवारी ऐकते. मोटार बंद करते, समोर बसते आणि एकेका ओळीला मान हलवते. हसण्यासारखं मी काही लिहीत नाही, तीही हसत नाही. मी वाचलं: मंगळवारी करडई आली नाही. घाणा चालला नाही. फळा कोरा राहिला. करडईचं तेल कधी मिळेल, ते आज सांगता येत नाही.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.