ठिपक्यांच्या काचा

आत्याबाई तोंडाने फटकळ, आणि तिला त्याचा अभिमानच होता. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, ती बावीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती. इतक्या वर्षांत एकही चष्मा परत आला नाही, हे कुणी विचारलं नाही तरी ती सांगायची.

भावजयीशी तिचं कधी पटलं नव्हतंच. पण पुतणीचा नंबर दर वर्षी वाढायला लागला, तशी खरी जुंपली. वाढीचा वेग कमी करायला डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले होते: रात्री झोपताना घालायच्या कडक लेन्स, नाहीतर मधे स्वच्छ आणि भोवती बारीक ठिपक्यांचं कडं असलेल्या चष्म्याच्या काचा.

"लेन्सच घेऊ. दिवसभर पोर मोकळी खेळेल," भावजय म्हणाली.

"हात न धुता डोळ्यात बोटं घालाल आणि डोळा घालवून बसाल," आत्या म्हणाली.

भावाने बहिणीची बाजू घेतली. भावजय तणतणली, "करा तुमच्या मनासारखं! पण पोर त्या दुकानाची पायरी चढणार नाही." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. फ्रेम आली ती भावाच्या हाती.

अशा काचा बसवायच्या तर दोन बाहुल्यांमधलं अंतर चेहऱ्यावर मोजावं लागतं. मधली स्वच्छ जागा नेमकी बाहुलीसमोर यायला हवी. पण त्यासाठी भावजयीला फोन करायचा? आत्याच्या जिवावर आलं. तिने कपाटातून पुतणीचं जुनं मोजमापाचं कार्ड काढलं आणि त्यावरच्या आकड्यावर काचा बसवून टाकल्या.

सहा महिन्यांनी नंबर आणखी वाढला. भावजय पोरीला घेऊन तडक दुकानात आली. "ताई, बावीस वर्षांचं तुणतुणं वाजवता ना? हा घ्या तुमचा परत आलेला चष्मा!" चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

आत्याने चष्मा हिसकावून मोजणीच्या यंत्रावर ठेवला आणि शेजारी कार्ड आपटलं. "वाच. केसभर फरक निघाला तर नाव बदलीन." फरक नव्हता. आत्याला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तेवढ्यावर थांबेल ती आत्या कसली! तिने पोरीला खुर्चीत बसवलं, चष्मा चढवला आणि बाहुल्यांसमोर काचेवर पेनाने खुणा केल्या. खुणा स्वच्छ जागेच्या मधोमध नव्हत्या. पार कडेला, ठिपक्यांना टेकल्या होत्या. कार्ड सहा वर्षांच्या पोरीचं होतं, समोर बसली होती नऊ वर्षांची.

"तुला यातून नीट दिसायचं नाही?" आत्याने हळूच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून नाही. शाळेत मी काढूनच ठेवायचे."

"मग सांगितलं का नाहीस?" दोघी एकदम ओरडल्या.

पोरगी खाली बघत म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू आईला बोलली असतीस. आईला सांगितलं असतं तर ती तुला."

"चूक माझी आहे. मी हिचा चेहरा मोजलाच नाही," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. हे शब्द ऐकायला भावजय किती वर्षं टपून होती! पण आता ते ऐकून तिला बरं वाटेना. वाढलेला नंबर उतरत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.