ग्राइंडरचं वजन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ट्रेलरमधल्या सामानासारखे ते साचत जातात. कुणी काय कधी ठेवलं ते आठवत नाही, आणि एक दिवस टायरकडे बघून कळतं, वजन भरपूर झालंय!

आमच्या प्लेनोच्या मराठी ग्रुपमध्ये ट्रेलरवाली, म्हणजे ट्रकमागे चाकांवरचं घर ओढत हिंडणारी, कुटुंबं दोनच. एक सुधीर-वंदनाचं आणि दुसरं आमचं, म्हणजे मेधाचं आणि माझं. मेधाला जाऊन आता वर्ष होईल. ट्रेलर विकायचा की पुन्हा रस्त्यावर काढायचा, हे बरेच महिने मला ठरवता येत नव्हतं. सुधीर भेटला की जुन्या गोष्टी निघायच्या. त्यातल्याच या काही.

*

पहिला ट्रेलर सुधीरने घेतला. फिफ्थ व्हील. हा मागच्या हुकला अडकवत नाहीत. त्याची मान थेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांवर टेकते. सेल्समन म्हणाला, "तुमचा ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो, ट्रेलर नऊ हजारांचा. यू आर गुड!"

सुधीर वाजतगाजत घरी आला. ट्रकची शेपूट खाली, नाक आभाळाकडे! सुधीरचे वडील बार्शीचे निवृत्त हेडमास्तर. ते ड्राइव्हवेत चहा घेत उभे होते. म्हणाले, "धुरजड झालीय रे गाडी! बैल बसला की तुझा!"

"बाबा, अकरा हजार ओढतो हा!"

मेधाने ड्रायव्हरचं दार उघडून आतलं पिवळं स्टिकर वाचलं. "ओढतो अकरा हजार. पाठीवर घेतो सोळाशे. या ट्रेलरची नुसती मानच अठराशेची आहे, सुधीर. आणि अजून तू आत बसायचा आहेस!"

सुधीरला ट्रक बदलावा लागला. वंदना अजूनही सांगते, "बटण सापडलं म्हणून आमच्याकडे कोट शिवतात!"

*

मेधा स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमचा ट्रक तिने आधी स्टिकर वाचून मग घेतला. तेव्हापासून नियमच झाला. ट्रिपच्या आधी प्रत्येकाने आमच्या गराजमधल्या काट्यावर उभं राहायचं. ट्रकमध्ये बसणारी माणसंही पेलोडमध्येच, म्हणजे ट्रकच्या पाठीवरच्या वजनातच, धरतात ना!

"मी सांगते ना, एकशे तीस धर," वंदना म्हणायची.

"काट्यावर उभी राहा."

"लग्नात हेच सांगितलं होतं. तेव्हा कुणी काटा नव्हता आणला!"

*

हायवेवरच्या ट्रकस्टॉपला मोठा काटा असतो. गाडी वर न्यायची, खांबावरचं बटण दाबायचं. स्पीकरमधून एक बाई विचारते, "फर्स्ट वे की रीवे?" पहिल्यांदा वजन करताय, की सामान कमी-जास्त करून परत आलात, एवढंच.

एकदा सुधीरची गाडी थोडी जास्त भरली. "वंदना, जरा खाली उतर." ती बिचारी उतरली आणि डिझेलच्या पंपाशी जाऊन उभी राहिली. सुधीरने ऐटीत बटण दाबलं, "रीवे!"

काट्यावर कॅमेरा असतो, हे तो विसरला होता. स्पीकरमधून आवाज आला, "सर, मॅडम कोलोरॅडोला चालत येणार आहेत का?"

*

आमच्याकडे वाद एकाच वस्तूवरून. मेधाचा दगडी वेट ग्राइंडर.

"डोंगरात डोसे कशाला?" मी विचारायचो.

"मग डोंगरात काय उपास करायचा?"

पण हिशेब तिचाच, आणि तिच्याच हिशेबात तो बसत नव्हता. दर ट्रिपला ग्राइंडर गराजच्या दारापर्यंत यायचा आणि परत आत जायचा.

"मी तीस पाउंड उतरले की हा येणार बघ!" मेधा म्हणायची.

*

केमोच्या आधी दर वेळी वजन घेतात. त्या दिवशी नर्सने आकडा पाहिला आणि मेधाला पुन्हा उभं राहायला सांगितलं. आकडा तोच. नर्स माझ्याकडे बघेना.

मेधा काट्यावरून उतरली, चपलांत पाय सरकवले.

"अवि, ग्राइंडर बसला बघ!"

काय म्हणाल्या त्या, असं नर्सने विचारलं. मी म्हटलं, "शी सेज थँक यू."

*

या वसंतात ओक्लाहोमाचं एक तरुण जोडपं ट्रेलर बघायला आलं. त्यांना आवडला. मी बाहेर गेलो, त्यांच्या ट्रकचं दार उघडून स्टिकर वाचलं. "हा नेऊ नका. तुमच्या ट्रकला पाठीवर झेपणार नाही." ते आभार मानून गेले.

सुधीर वैतागला. "यार, तुला विकायचाय की नाही? प्रत्येक गिऱ्हाईक पळवून लावतोस!"

"त्यांच्या ट्रकला झेपत नव्हता."

"आणि तुला?"

मी ट्रेलरचं दार लावून घेतलं. वंदनाच म्हणाली, "अवि, उन्हाळ्यात कोलोरॅडोला चल. आमच्या मागे मागे ये. नाही जमलं, तर परत आल्यावर मी स्वतः विकून देते. मग स्टिकर वाचायला तू यायचं नाहीस!"

*

निघायच्या सकाळी ट्रकस्टॉपच्या काट्यावर गाडी चढवली. "फर्स्ट वे," मी सांगितलं. वजनाची चिठ्ठी हातात आली. मेधा होती तेव्हा आम्ही अगदी काठोकाठ असायचो. आता जागा शिल्लक होती. सुधीरने चिठ्ठी बघितली, घडी घालून मला परत दिली.

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "मी घरी जाऊन येतो."

"काय विसरलास?" वंदनाने विचारलं.

"आहे एक."

ट्रेलरसकट घरी गेलो. ग्राइंडर ट्रेलरच्या ओट्याखालीही मावला असता. मी तो शेजारच्या सीटवर ठेवला. ट्रक सुरू केला, तर टिंग टिंग वाजायला लागलं. सीटवर वजन आलं की हा ट्रक पट्टा मागतो. पट्टा लावला. आवाज थांबला.

परत काट्यावर आलो. दोघं माझ्या खिडकीशी आले. वंदनाने आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"डाळ-तांदूळ घेतलेस?"

"घेतले."

मी बटण दाबलं. "फर्स्ट वे की रीवे?"

"रीवे."

कॅमेऱ्यात तिला खिडकीशी उभा सुधीर दिसला आणि मागची खेप आठवली असावी.

"सर, या वेळी सगळे गाडीत आहेत ना?"

"येस, मॅम," मी म्हटलं.