उजेडाचं पुस्तक शेवटी

माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा साखरेच्या आजारानं गेला होता. उजव्याचंही काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन त्यानं पहिली गोष्ट काय मागितली असेल? देव नाही, दवा नाही. चप्पल काढता काढता म्हणाला, "ताई, ती नवी कॉमिक्स मागवून ठेवलीत ना, ती सगळी वाचून घ्यायचीत मला. कोणतं आधी नि कोणतं नंतर, तेवढं तू बघून दे."

माझं डोकंच फिरलं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, तेही यायचं तेव्हा खरं. सोसायटीचं बोअर उन्हाळ्याआधीच आटलेलं. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा, पोरांकडून नकाशात नाथसागर निळा रंगवून घ्यायचा आणि घरी येऊन टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. त्यात हे. "अरे, वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "लागलं तर लागलं," तो म्हणाला, "बघशील ना पण?"

घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्यानं केलं ते टिकलं नाही. बायपासच्या पलीकडं नव्या इमारती उठायला लागल्या तेव्हा आम्ही तिथं फ्लॅट घेतला. रस्ते नंतर होतील, पाणी नंतर येईल, असं तेव्हा सगळेच सांगायचे. भाऊ चितेगावच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचा. ओरखडा दिसला की तुकडा बाजूला. डावा डोळा गेला आणि ते काम सुटलं. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघायचा. तेही पाण्यावाचून अडलेलंच होतं, त्यामुळं बघण्यासारखं काही नसायचं.

तर त्या कॉमिक्समधला नायक. लहानपणी छावणीच्या बाजारात एक दुकान होतं, तिथं कॉमिक्स भाड्यानं मिळायची, आणि त्यातला हा सगळ्यांचा लाडका. छाती पुढं, दात शुभ्र, पुस्तक संपायच्या आत शहर वाचवून मोकळा. मला तो कधीच आवडला नाही, फार गुळगुळीत वाटायचा. भावानं मात्र त्याच्यापायी गळ्यात टॉवेल बांधून टाकीवरून उडी मारली आणि हात मोडून घेतला. आईनं आधी मारलं, मग प्लॅस्टर घालून आणलं.

आता कुणा नव्या लेखकानं त्याच नायकाची गोष्ट पुन्हा नव्यानं मांडली होती आणि पार काळी करून टाकली होती. याची दाढी वाढलेली, अंगातली शक्ती ओसरत चाललेली. ज्या शहराला वाचवलं त्याच शहरातली माणसं त्याला दगड मारतायत. गोम अशी होती, की मालिकेत सगळ्यात आधी निघालेलं पुस्तक गोष्टीच्या मधूनच सुरू व्हायचं. त्याच्या म्हातारपणाचं पुस्तक त्यानंतर निघालेलं, शत्रूच्या बाजूनं सांगितलेली दोन मधेच घुसवलेली, आणि तरुणपणाचं सगळ्यात शेवटी. इंटरनेटवर विचारावं तर दहा माणसं दहा रस्ते सांगणार. कुणी म्हणतं निघाली त्या क्रमानं वाचा, कुणी म्हणतं नायकाच्या वयाप्रमाणं वाचा, कुणी म्हणतं अमुक एक वाचलंच नाही तरी चालेल. आणि वर एकमेकांना शिव्या.

भावाला फोनवरची बारीक अक्षरं दिसायची नाहीत. मग काय, बसले मी. उत्तरपत्रिका एका बाजूला आणि हा दाढीवाला एका बाजूला. इंग्रजी तशी येते मला, पण चित्रांच्या चौकटीतलं वाचायची सवय नव्हती. आधी कुठं बघायचं हेच कळेना. आणि इतका रडका नायक! पानोपानी पाऊस आणि पानोपानी हा आपला भिंतीला टेकून बसलेला. "इतका पाऊस पडायलाय तर बादल्या तरी लाव म्हणावं," मी भावाला म्हटलं. तो खो खो हसला. खूप दिवसांनी हसला म्हणून मी पुढं वाचत राहिले, खोटं कशाला सांगू?

तरुणपणाचं पुस्तक हाती लागलं तेव्हा मात्र मी वरमले. त्यात पाऊस नव्हता, ऊन होतं. सगळी पानं पिवळी, केशरी. पोरगा अजून नायक झालेला नाही. अंगात जोर आहे पण त्याचं करायचं काय हे ठाऊक नाही, म्हणून शेजारच्या म्हातारीचं गळकं छप्पर नीट करून देतो आणि पाय घसरल्यावर घाबरून एका हातानं अख्खी भिंतच उचलतो. म्हातारी खाली शिडी धरून उभी, वर बघतेय. तिला काहीच नवल वाटत नाही. म्हणते, आता ठेव खाली आणि चहा प्यायला ये. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. असं पुस्तक त्या मालिकेत दुसरं नव्हतं.

मी ते शेवटी ठेवलं. भावाला सांगितलं, "आधी सगळं काळं उरकून घे. उजेडाचं शेवटी." तो म्हणाला, "हां, हे आपल्या घरचं झालं." व्हयच की. आमच्याकडं नळाला पाणी आलं की ताजं झाकून ठेवायचं आणि पिंपातलं शिळं आधी संपवायचं, त्यातलं तळाचं तर फरशीला. इथं ज्यानं ज्यानं दुष्काळ काढलाय त्याच्या हाताला हेच वळण. चांगलं ते मागं ठेवायचं.

डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "खुशाल वाचा. वाचल्यानं डोळा झिजत नाही. आतून कधी रक्त उतरेल ते मात्र सांगता यायचं नाही." रिक्षात बसल्यावर भाऊ म्हणाला, "त्यांचं काय जातंय म्हणायला." मलाही ते पटलं. वापरलं की संपतं, हे आम्ही रोज पिंपात डोकावून बघत होतो. डोळा तेवढा वेगळा कसा असेल? मग आम्ही डोळ्यालाही पाळी लावली. रोज चार वाजता, गॅलरीत, उजेड असेपर्यंत तासभर. तो हातात भिंग धरून वाचायचा. मी समोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. तास झाला की पुस्तक माझ्याकडं.

"दोन पानं दे की ताई, लढाई अर्ध्यात आहे."

"नाय. उद्या."

"लई कंजूस झालीस तू."

"गप ऊठ. डोळे मीट जरा."

तो खरंच मिटायचा. बाकीचा वेळही शक्यतो मिटूनच असायचा. टीव्ही नाही, पेपर नाही. जेवताना ताटाकडंसुद्धा धड बघायचा नाही. बोटांनी चाचपून घास घ्यायचा आणि म्हणायचा, सवय करून घ्यायलोय. एका रविवारी मी म्हटलं, चल, दौलताबादला जाऊन येऊ, किल्ला तरी बघशील. तर म्हणाला, "किल्ला कुठं पळून जातोय? उगं धुळीत डोळा खर्चायचा." मला त्याचं कौतुक वाटलं. काय निग्रह आहे पोराचा, असं शाळेत बाकीच्या बायांना सांगितलं पण मी.

शेवटून दुसरं पुस्तक चालू होतं. सकाळी टँकर आला म्हणून मी पाइप धरून खाली उभी होते. पाइप ओढत वर आले तर हा पलंगावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाला, "ताई, आतून शाई सांडल्यागत झालंय." आवाज अगदी साधा. हातातला पाइप मी तसाच दारात टाकला. मागं पाणी वाहत होतं, शेजारीण ओरडत होती, मला काही ऐकू येईना.

रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डॉक्टरांनी हात हलवून दाखवला. उजेड आहे की अंधार, तेवढं त्याला कळायचं. त्यापुढं काही नाही. आणि आता दिसणारही नव्हतं.

घरी आल्यावर तो फक्त एकदा चिडला, पण असा चिडला की भिंग भिंतीवर फेकलं. "त्या माणसानं सांगितलं होतं की, वाचा म्हणून! दिवसभर वाचलं असतं तर चार वेळा झालं असतं सगळं!" मी म्हणाले, "हो. सांगितलं होतं." मला इतका थकवा आला होता की रडायलाही उठवत नव्हतं. नंतर मी काचा गोळा केल्या.

पावसाळा कोरडा चालला होता. एका दुपारी तो आपणहूनच म्हणाला, "ते शेवटचं सांग मला. चित्रांसकट सांग." मी म्हटलं, मला काय येतंय? तरी उघडलं. एकेक चौकट सांगायला लागले. ऊन आहे, घर आहे, पोरगा छपरावर चढलाय. तो मधेच अडवायचा. ऊन कुठल्या बाजूनं? छप्पर कौलांचं की पत्र्याचं? मास्तर तू का मी, असं मी म्हणाले, पण सांगत गेले.

"पोराचा चेहरा कसा काढलाय?"

"हसरा आहे."

"असं नाय. नीट सांग की."

मग भुवया सांगितल्या, पुढचा दात सांगितला, कपाळावर आलेले केस सांगितले. त्यानं मान डोलावली. "आणि खाली म्हातारी?"

"शिडी धरून उभी आहे. वर बघतेय. केस पांढरे."

मग म्हणाला, "तुझे झालेत का गं पांढरे?"

"झालेत की."

"कधी?"

"याच वर्षात. सगळेच."

"मी बघितलेच नाहीत." त्यानं तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. "तू तर रोज समोर बसायचीस."

"हो. समोरच बसायची."

मी पुढचं पान उलटलं आणि वाचायला तोंड उघडलं. त्यानं हात पुढं करून, चाचपत, पुस्तकावर ठेवला.

"हे राहू दे. आधी तुझं सांग. कुठून कुठून झालेत?"

मी पुस्तक मिटून खाली ठेवलं, आणि कानशिलापासून सुरुवात केली.