कमानीखालचा विज्ञानाचा तास

मुख्याध्यापिका बाईंनी कारखानदारांकडे शाळेसाठी प्रयोगशाळा मागितली होती. त्यांनी शाळेच्या फाटकावर वडिलांच्या नावाची संगमरवरी कमान बांधून दिली. "प्रयोगशाळा आत असते हो बाई, रस्त्यावरून कुणाला दिसणार?" ते म्हणाले.

वीस वर्षं देणगीसाठी उंबरे झिजवून बाईंचा मानापमान कधीच गळून पडला होता. त्यांनी तोंडभरून आभार मानले आणि दुसऱ्या दिवसापासून दहावीचा विज्ञानाचा तास त्या कमानीखालीच भरवायला सुरुवात केली. गंधकाचा वास थेट रस्त्यावर जाऊ लागला. येणारे-जाणारे नाक दाबून वर कोरलेलं नाव मोठ्याने वाचत.

आठवड्याभरात कारखानदार धापा टाकत आले. "बाई, लोक माझ्या वडिलांच्या नावाने नाकं मुरडतायत!"

"काय करू साहेब, आत जागाच नाही. शिवाय इथलं सगळ्यांना दिसतं."

सहामाहीच्या आत प्रयोगशाळा उभी राहिली. उद्घाटनाला कारखानदारांनी, विज्ञानाचं महत्त्व आपण बाईंना कसं पटवून दिलं, यावर अर्धा तास भाषण ठोकलं. बाई पुढच्या रांगेत मान डोलवत होत्या. शेजारच्या शिक्षिकेने चिडून कोपर मारलं, तेव्हा त्या पुटपुटल्या, "गप बस गं, ग्रंथालय अजून व्हायचंय."